'गुप्त' या शब्दाचे बळी

१

दिवाळीच्या अंकात उपदंशावर लेख कशाला, असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनात येईल, हे मी गृहीत धरूनच चालतो. फराळाच्या ताटाशेजारी हा अंक पडलेला असतो, घरातील लहानथोर तो चाळतात; अशा अंकात कथा असाव्यात, कविता असाव्यात, फार तर एखादा राजकीय वाद असावा; रोगराईची चर्चा वैद्यकाच्या मासिकांनी करावी, अशी आपली एक समजूत आहे. परंतु ज्या दिवाळीत आपण धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा करतो, त्या दिवाळीत एका रोगाचे नाव निघाले म्हणून विटाळ मानण्याचे कारण नाही. शिवाय वैद्यकापुरता हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. या रोगाचे कारण वैद्यकाला ठाऊक आहे, परीक्षा ठाऊक आहे, औषधही ठाऊक आहे. तो सुटलेला नाही तो तुमच्या-आमच्या घरांत. म्हणूनच त्याची चर्चा घरात वाचल्या जाणाऱ्या अंकात झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या रोगाला डॉक्टर सिफिलिस म्हणतात, वैद्य फिरंगरोग किंवा उपदंश म्हणतात, खेड्यापाड्यांत त्याला गरमी म्हणतात. सभ्य माणसे मात्र यांतले एकही नाव घेत नाहीत. ती 'गुप्तरोग' एवढेच म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. माझा वाद आहे तो या शब्दाशी. क्षयाला कोणी गुप्तरोग म्हणत नाही, मधुमेहाला म्हणत नाही. वास्तविक या दोहोंच्या मानाने उपदंशाचा उलगडा कितीतरी सोपा आहे. मग गुप्त आहे ते काय? रोग गुप्त नाही. तो कसा जडला याविषयीची आपली कल्पना गुप्त आहे, आणि ती कल्पना सांभाळण्यासाठी आपण माणसे, विशेषतः बायका व त्यांची पोटातली मुले, खुशाल मरू देतो.

२

वैद्यकाने आपले काम किती चोख केले आहे ते आधी पाहू. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि होफमान या दोघांनी या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मळसूत्रासारखा वेटोळ्यांचा हा अतिसूक्ष्म जंतू. लगेच पुढच्या वर्षी वासरमानने रक्तावरून रोग ओळखण्याची परीक्षा दिली. १९१० च्या सुमारास एर्लिख आणि त्याचा जपानी सहकारी हाता यांचे '६०६' हे सोमलयुक्त औषध बाजारात आले. १९४३ साली जॉन महोनी या अमेरिकन डॉक्टराने चार रोग्यांना पेनिसिलीन टोचले आणि शेकडो वर्षांच्या पारा, सोमल, रसकापूर यांच्या यातनांचा अध्याय तेथे संपला. अर्धशतकाच्या आतच जंतू, परीक्षा व औषध ही तिन्ही हाती आली. असे भाग्य फार थोड्या रोगांना लाभले आहे.

त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, इतर जंतू पेनिसिलीनला एकामागून एक दाद देईनासे झाले, पण हा जंतू आजही त्याला बळी पडतो. पेनिसिलीनला न जुमानणारा उपदंशाचा जंतू अद्याप कोणाला सापडलेला नाही. रोग नवा असेल तर बेंझाथीन पेनिसिलीनचे चोवीस लाख युनिट एकदा टोचले की काम झाले. जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. जगातील स्वस्तांत स्वस्त औषधांत त्याची गणना होते. आणि हे औषध आपल्याला परकेही नाही. पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीतच हे औषध तयार होऊ लागल्याला सत्तर वर्षे झाली.

आता जमाखर्चाची दुसरी बाजू पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ऐंशी लाख माणसांना उपदंशाची नव्याने लागण झाली. त्याच वर्षी अकरा लाख गर्भवती स्त्रियांना हा रोग होता, आणि त्यामुळे तीन लाख नव्वद हजारांहून अधिक बाळंतपणे या ना त्या रीतीने बिघडली: कोठे मूल पोटातच गेले, कोठे जन्मल्यावर गेले, कोठे अपुऱ्या दिवसांचे निपजले, कोठे रोग घेऊनच जगात आले.

हे सारे दरिद्री देशांचे दुखणे आहे असे समजून कोणी सुस्कारा सोडू नये. अमेरिकेने १९९९ साली उपदंशाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय योजना जाहीर केली होती. २००० साली रोग तेथे नीचांकाला पोचला होता. तेथेच २०२२ साली दोन लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले आणि आईकडून रोग घेऊन जन्मलेल्या बालकांची संख्या ३,७०० च्या वर गेली. ही संख्या दहा वर्षांत दसपट झाली. त्यांच्याच आरोग्य खात्याने सांगितले की, यांतील दहापैकी जवळजवळ नऊ मुले वेळेवर तपासणी व उपचार झाले असते तर वाचली असती. निर्मूलनाची घोषणा झाली की पैसा आटतो, दवाखाने बंद होतात, आणि मळसूत्री जंतू पुन्हा निवांतपणे आपल्या कामाला लागतो.

३

रोगाची चाल समजून घेतल्याखेरीज 'गुप्त' या शब्दाने केलेला घात ध्यानात येत नाही. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, कधी थोडे आधी तर कधी बरेच मागाहून, लागणीच्या जागी एक कडक व्रण येतो. तो दुखत नाही. स्त्रीच्या बाबतीत तर तो शरीराच्या आत असला तर तिला पत्ताही लागत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो काही न करता आपोआप बरा होतो. पुढे अंगावर पुरळ येते, ते बहुधा तळहात-तळपायांवरही उमटते. ताप येतो, केस जातात. आणि तेही आपोआप ओसरते. मग रोग वर्षानुवर्षे मुकाट बसतो. काही जणांत दहा-वीस-तीस वर्षांनी तो हृदयाजवळच्या महारोहिणीत, मज्जारज्जूत किंवा मेंदूत डोके वर काढतो.

म्हणजे या रोगाची पहिली दोन रूपे औषधावाचूनही नाहीशी होतात. भोंदू वैद्याला याहून उत्तम धंदा कोणता मिळणार? स्टेशनाजवळच्या मुतारीच्या भिंतीवर 'गुप्तरोगतज्ज्ञ, सात दिवसांत हमखास गुण' अशी पाटी रंगवणारा मनुष्य खोटे बोलतो असे रोग्याला कधीच वाटत नाही. त्याने राखेची पुडी दिली तरी व्रण जातोच. रोगी त्याच्या पायांवर डोके ठेवतो, चार मित्रांना त्याचा पत्ता देतो, आणि रोग आत जाऊन बसतो. लैंगिक रोगांवरच्या औषधांची जाहिरातच करू नये म्हणून आपण १९५४ साली कायदा केला. आक्षेपार्ह जाहिरातींच्या त्या कायद्याच्या यादीत उपदंशाचे नाव स्पष्ट आहे. तरी भिंती रंगतातच. आता तर भिंतींची जागा हातातल्या मोबाइलने घेतली आहे. कायदा भोंदूला बंद करू शकत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक आपण त्याच्याकडे पाठवतो. सरकारी दवाखान्याच्या ओळीत उभे राहिले तर कोणी पाहील, डॉक्टर दहा माणसांदेखत विचारील, केसपेपरावर लिहिले जाईल, ही भीती ज्याच्या मनात असते तो मुतारीच्या भिंतीवरचाच पत्ता वाचणार! तेथे त्याला काही मिळत असेल तर औषध नव्हे, अंधार मिळतो. आणि तोच त्याला हवा असतो.

४

हा रोग दुसऱ्याचा आहे असे म्हणण्याची रीत मात्र फार जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने नेपल्सवर स्वारी केली तेव्हा हा रोग युरोपात उसळला. इटालियन त्याला फ्रेंचांचा रोग म्हणू लागले, फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणू लागले, रशियन पोलंडचा म्हणू लागले. आपणही त्यातलेच. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या 'भावप्रकाशा'त याचे वर्णन केले आणि नाव दिले 'फिरंग'. फिरंग्यांच्या संसर्गाने होणारा तो फिरंगरोग. त्याचे निरीक्षण उत्तम होते. चोपचिनी व पारा ही त्याने सांगितलेली औषधे पुढे शतकानुशतके चालली. पण नाव मात्र शेजाऱ्याच्याच गळ्यात. जगातल्या प्रत्येक देशाने हा रोग परक्या देशाच्या नावाने ओळखला, आणि प्रत्येक घराने तो परक्या घराच्या नावाने.

दोष ढकलण्याची ही खोड जेव्हा सत्तेच्या हाती जाते तेव्हा काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८६८ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात 'सांसर्गिक रोगां'चा कायदा केला. गोऱ्या शिपायांना गरमी होते म्हणून वेश्यांची नोंदणी करायची, त्यांची सक्तीने अंगतपासणी करायची, रोग आढळला की 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या कोंडवाड्यात ठेवायचे, असा तो कायदा. शिपायाची तपासणी? ती या कायद्यात नव्हती. जणू रोग एका बाजूनेच वाहतो! बायका वस्त्या सोडून पळाल्या, नाव लपवून राहिल्या, फौजेतला रोग काही हटला नाही. १८८८ साली कायदा रद्द करावा लागला. तरीही आज कोठे रोगाची वार्ता आली की 'त्या वस्तीवर धाड घाला' म्हणणारे पुढारी आपल्यात आहेतच.

धाडीने जे झाले नाही ते विश्वासाने झाले आहे. कलकत्त्याच्या सोनागाछीत १९९२ पासून त्या वस्तीतल्या बायकांनाच आरोग्यसेविका केले गेले. त्यांनी आपल्या सोबतिणींना निरोध वापरायला शिकवले, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायला शिकवले, आणि तेथला उपदंश उतरला. सांगलीकडे 'संग्राम'च्या आधाराने उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी हेच आपल्या मराठी मुलखात करून दाखवले. या बायकांना लुगडे फेडायला लावणाऱ्या सरकारी डॉक्टरापेक्षा त्यांच्या हाती निरोधाची पेटी देणाऱ्या माणसाने रोगाचे अधिक नुकसान केले आहे.

आणि सत्ता व शास्त्र ही दोन्ही मिळून माणसाला केवळ रोगाचे भांडे समजू लागली म्हणजे काय घडते, ते अमेरिकेतील टस्कीगीने दाखवले. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामातील ३९९ उपदंशग्रस्त काळ्या पुरुषांना तेथील सरकारी आरोग्य खात्याने उपचाराविना ठेवले. पेनिसिलीन हाती आल्यावरही ठेवले. रोग कसा वाढतो ते पाहण्यासाठी. त्यांच्या बायकांना लागण झाली, मुलांना झाली. १९९७ साली राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. औषध असूनही न देणे याला आपण तेथे अत्याचार म्हणतो. मग आपल्याकडे औषध असून ते न पोचणे याला काय म्हणावे?

५

या साऱ्या प्रश्नाचा गाभा गर्भवतीपाशी आहे. तिच्या बाबतीत हयगयीला कोणतीच सबब चालत नाही.

उपदंशाचा जंतू वारेतून पोटातल्या मुलापर्यंत जातो. नवी लागण असलेल्या आणि उपचार न झालेल्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक गर्भारपणे बिघडतात. जगलेले मूल पहिल्या दिवशी ठणठणीत दिसू शकते. मग काही आठवड्यांत त्याचे नाक वाहू लागते, अंगावर फोड येतात, यकृत वाढते, हाडे दुखतात म्हणून ते हात हलवीत नाही. जे याही पुढे तगते त्याचे नाक बसते, दात खाचलेले येतात, पुढे डोळे जातात, कान जातात. हे सर्व टळते केव्हा? आईला प्रसूतीपूर्वी किमान महिनाभर आधी, आणि शक्य तितक्या लवकर, पेनिसिलीन टोचले तर. ते वारेतून बाळापर्यंतही पोचते. एका सुईत दोन जीव.

या ठिकाणी एक विलक्षण गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. आपल्या देशात रक्तपेढीत आलेली रक्ताची प्रत्येक पिशवी उपदंशासाठी तपासली पाहिजे, असा कायदा आहे. अनोळखी रोग्याच्या शिरेत जाणाऱ्या रक्ताची आपण एवढी काळजी घेतो. परंतु जे रक्त नऊ महिने एका बाळाला पोसते, ते तपासल्यावाचून असंख्य बायका बाळंत होतात. नियम नाही असे नाही; गर्भवतीची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, एड्सबरोबर उपदंशही आईकडून मुलाकडे जाऊ द्यायचा नाही असे देशाचे धोरण आहे. पण कागदावरचा नियम आणि उपकेंद्रातली सुई यांच्यात कितीतरी कोस आहेत. कोठे तपासणीचे साहित्य संपलेले, कोठे रक्त तालुक्याला जाते आणि निकाल येईपर्यंत बाई माहेरी गेलेली, कोठे निकाल आला तर पेनिसिलीन नाही, आणि पेनिसिलीन असले तर ते टोचायला डॉक्टर तयार नाही, कारण कोणाला कधी तरी त्याची विषारी प्रतिक्रिया आली होती अशी दहशत. प्रतिक्रिया येते, हे खरे. पण ती क्वचित येते, तिच्यावर द्यावयाचे औषध कपाटात ठेवता येते. टोचण्याच्या भीतीने मुले मरू देणे ही सावधगिरी नव्हे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील शंभरांपैकी ८८ हून अधिक प्रसूती दवाखान्यात होतात. महाराष्ट्रात तर जवळजवळ ९५. हा अभिमानाचा आकडा आहे. पण पहिल्या तीन महिन्यांत तपासणीला येणाऱ्या बायका शंभरांत सत्तरच. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात आलेल्या बाईचे बाळ डॉक्टर सुखरूप बाहेर काढील. उपदंशापासून ते वाचवायला मात्र उशीर झालेला असतो. म्हणजे दवाखाना बांधून भागत नाही. पहिल्या भेटीतच बोटातून रक्ताचा थेंब घ्यावा, वीस मिनिटांत निकाल सांगावा आणि त्याच बैठकीत सुई द्यावी, असे झाले पाहिजे. असे करता येते. एकाच पट्टीवर एड्स व उपदंश या दोहोंची परीक्षा करणारे साधन आज उपलब्ध आहे. क्यूबाने २०१५ साली, थायलंडने २०१६ साली आईकडून मुलाकडे जाणारा उपदंश व एड्स यांचे निर्मूलन केल्याची मान्यता मिळवली. २०१९ साली आपल्या दाराशी असलेल्या श्रीलंकेने मिळवली. श्रीलंका काही अमेरिका नव्हे. जे त्या बेटाला जमले ते आपल्याला का जमू नये?

का जमत नाही, त्याचे एक कारण दवाखान्यात नसून स्वयंपाकघरात आहे. गरोदर बाई तपासली जाते, नवरा तपासला जात नाही. त्यामुळे रोग पहिल्याने सापडतो तो तिच्या रक्तात, आणि घरात तो 'तिचा' रोग ठरतो. रोग आणला कोणी, हा प्रश्न सासू विचारते तेव्हा उत्तर आधीच ठरलेले असते. एवढेही खरे की, ही प्राथमिक परीक्षा कधी कधी रोग नसतानाही रोग दाखवते. हिवताप, महारोग, काही सांध्यांचे विकार, क्वचित नुसते गर्भारपणसुद्धा तिला फसवते, म्हणून दुसऱ्या परीक्षेने खात्री करावी लागते. पण तोपर्यंत थांबायला घरातल्या न्यायाधीशांना सवड नसते. अशा घरात जाण्यापेक्षा बाई कागद फाडून टाकते आणि सुईला पुन्हा येत नाही. तिला अज्ञानी म्हणणे सोपे आहे. ती अज्ञानी नाही. आपल्या घराला ती पुरती ओळखते.

गडचिरोलीच्या दोन खेड्यांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. शंभरांत ९२ स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही विकार होता. आणि त्याआधी यासाठी तपासणी व उपचार झालेल्या होत्या शंभरांत अवघ्या आठ. जगाला धक्का बसला. तो आकडा रोगांचा जेवढा होता, त्याहून अधिक आपल्या मौनाचा होता. बायका दुखणे सांगत नव्हत्या, कारण विचारणारे कोणी नव्हते.

६

आता विरोधकांकडे वळतो. त्यांचा पहिला आक्षेप असा की, या रोगाची भीती हाच तरुणांवरचा उरलासुरला धाक आहे. औषध सुलभ केले, चर्चा उघड केली तर स्वैराचार बोकाळेल. हा आक्षेप नवा नाही. १९३४ साली थॉमस पॅरन या अमेरिकन आरोग्याधिकाऱ्याला आकाशवाणीवरील भाषणात 'सिफिलिस' हा शब्द उच्चारू दिला नाही. त्याने भाषणच रद्द केले. धाकाने जर काम होत असते, तर पेनिसिलीनपूर्वीच्या शेकडो वर्षांत, माणसे नाके झडून वेडी होऊन मरत होती तेव्हा, जग नीतिमान व्हायला हवे होते. ते झाले नाही. धाकाने संबंध थांबत नाहीत, दवाखान्यात जाणे तेवढे थांबते. शिवाय जो धाक पोटातल्या मुलाला शिक्षा करून टिकवावा लागतो, त्याला नीती म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक असतो, म्हणून अधिक धोक्याचा. ही मंडळी म्हणतात, 'निरपराध पत्नी आणि बालके यांना जरूर वाचवा.' येथे 'निरपराध' हा शब्द पाहा. तो उच्चारताच कोणी तरी अपराधी ठरतो. अपराधी ठरलेला मनुष्य दवाखान्यात येत नाही, आणि त्याच्यावाचून त्याच्या निरपराध पत्नीचा उपचार पुरा होत नाही. तिला आज सुई दिली तरी उद्या तो तिला पुन्हा रोग देतो. रोग्यांची पापी व पुण्यवान अशी वाटणी केली की पुण्यवानही मरतात. जंतूला ही वाटणी कळत नाही. आरोग्य खात्यालाही ती कळता कामा नये.

कायद्यानेही या वाटणीला आसरा दिला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सांसर्गिक अवस्थेतील लैंगिक रोग हे घटस्फोटाचे एक कारण मानले. पूर्वी रोग तीन वर्षांचा असावा लागे. १९७६ साली ती अटही गेली. महारोग बरा होतो म्हणून तो २०१९ साली या यादीतून काढला, हे योग्यच झाले. महारोगाच्या उपचाराला महिने लागतात. नवा उपदंश एका सुईने बरा होतो, आणि तो मात्र यादीतल्या लैंगिक रोगांत अजून मोडतो! फसवणूक, व्यभिचार, छळ यांसाठी कायद्यात वेगळी कलमे आहेत. ज्याला त्यांचा आधार घ्यायचा त्याने घ्यावा. बऱ्या होणाऱ्या रोगाला संसार मोडण्याचे कारण ठरवले की रोगी तो लपवणारच. एड्सच्या रोग्याला २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचा हक्क आणि भेदभावाविरुद्ध संरक्षण दिले. उपदंशाच्या रोग्याला तसे काहीच नाही. त्याच्यासाठी 'गुप्तता' नाही, फक्त 'गुप्त' हे विशेषण आहे.

तिसरा वर्ग म्हणतो, हा रोग आता संपला, पुस्तकातच उरला. हा वर्ग सर्वांत सुखी. त्याच्याच निश्चिंतीमुळे पेनिसिलीनचे काय झाले ते पाहा. औषध स्वस्त, त्यावर कोणाचे पेटंट नाही, म्हणून ते करण्यात फारसा नफा नाही; कारखाने एकेक करून त्यातून बाहेर पडले. २०१६ साली जागतिक आरोग्य परिषदेत या औषधाच्या टंचाईची दखल घ्यावी लागली. २०२३ साली खुद्द अमेरिकेत ते अपुरे पडले आणि फ्रान्सचे आयात करावे लागले. पिंपरीला पेनिसिलीन करणाऱ्या आपल्या देशाने त्याच्या कच्च्या मालासाठी चीनकडे हात पसरले; तो पुन्हा येथे तयार व्हावा म्हणून आता कोठे प्रयत्न चालू झाले आहेत. जो रोग 'संपला' त्याचे औषध करणार कोण? आणि औषध नसले की संपलेला रोग परत येतो.

७

साहित्याच्या मासिकात लिहितो आहे, तेव्हा साहित्यिकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. १८८१ साली इब्सेनने 'भुते' हे नाटक लिहिले. बापाचा रोग मुलाच्या मेंदूत उतरल्याची ती कथा. तीत रोगाचे नाव एकदाही येत नाही. तरी त्याच्या देशातल्या रंगभूमीने नाटक नाकारले आणि त्याचा पहिला प्रयोग १८८२ साली दूर शिकागोत झाला. इब्सेनने निदान भुताकडे बोट तरी दाखवले. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' एकट्याच्या बळावर चालवले. लैंगिक विषयांवर स्पष्ट मराठीत लिहिल्याबद्दल खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड व्हायचा तो झालाच. आज कर्व्यांवर नाटके होतात, चित्रपट होतात, त्यांच्या धैर्याचे गोडवे गायले जातात. पण त्यांनी ज्या विषयांवर लिहिले, त्यांवर लिहिणारी मराठी मासिके आज किती आहेत? पुतळा उभारून विषय पुरण्याची कला आपल्याला चांगली साधली आहे.

दुसरा दोष याच्या उलट आहे. मोपासां, दोदे अशा लेखकांना हा रोग होता म्हणून त्याला प्रतिभेचा साथीदार मानण्याची एक लाडिक प्रथा युरोपी वाङ्मयात पडली, आणि ती वाचून आपल्याकडचेही काही जण हुरळले. मोपासां १८९३ साली बेचाळिसाव्या वर्षी वेड्यांच्या इस्पितळात मेला. यात प्रतिभेचा कोणता विलास आहे? त्याला पेनिसिलीन मिळाले असते तर आणखी वीस वर्षे त्याने कथा लिहिल्या असत्या. मौन आणि कौतुक ही दोन्ही रोगाच्या पथ्यावर पडतात. त्याला अडचण होते ती साध्या बोलण्याची.

म्हणून मागणे साधेच आहे. इस्पितळांच्या पाट्यांवरून आणि पाठ्यपुस्तकांतून 'गुप्तरोग' हा शब्द जावा. उपदंश म्हणा, सिफिलिस म्हणा, गरमी म्हणा, पण नाव घ्या. प्रत्येक गर्भवतीची पहिल्या भेटीत परीक्षा व्हावी आणि दोष आढळल्यास त्याच दिवशी सुई मिळावी. तिच्याबरोबर नवऱ्याला बोलवावे, आणि तो आला नाही तर त्याची वाट पाहत तिचा उपचार थांबवू नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बेंझाथीन पेनिसिलीन असावे आणि ते टोचायला न घाबरणारा माणूस असावा. सरकारने सुरू केलेल्या 'सुरक्षा क्लिनिक'चा पत्ता मुतारीवरच्या पाटीपेक्षा ठळक अक्षरांत, बसस्थानकावर, चावडीवर, महाविद्यालयाच्या फलकावर लागावा. घटस्फोटाच्या कायद्यातले ते कलम जावे. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागायला नको आहे.

एक गोष्ट मात्र सरकारला करता येणार नाही. ती वाचकांनाच करावी लागेल. घरात कोणाच्या कागदावर हे नाव आले, तर 'कोणी आणला?' हा प्रश्न पहिल्याने विचारायचा नाही. 'सुई घेतली का?' हा विचारायचा.